पेट्रोल, सीएनजी की डिझेल : मराठवाड्यातल्या कुटुंबासाठी गाडी निवडताना

कुटुंबासाठी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारले जातात : अ‍ॅव्हरेज किती देते, आणि रस्त्यात बंद तर पडत नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांची उत्तरे गाडी कुठे आणि वर्षाला किती चालणार यावर अवलंबून असतात. पुण्यात भरवशाची ठरलेली गाडी हिंगोलीला किंवा किनवटला तशीच ठरेल असे नाही, कारण जो सुटा भाग तिथे दुसऱ्या दिवशी मिळतो त्याच भागासाठी इथे गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उभी राहू शकते. पुढील तुलना करताना तालुक्याच्या गावी राहणारे, आई-वडील आणि मुले धरून पाच-सहा माणसांचे, आणि एकदा घेतलेली गाडी आठ-दहा वर्षे वापरणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवले आहे.

प्रथम इंधनाचा हिशेब करू. त्यासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो असे दर धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या पंपावरचे दर घालून तो पुन्हा मांडावा, कारण आपल्या आठही जिल्ह्यांत दर सारखे नसतात. परभणीचे पेट्रोल राज्यात महागातल्या महाग दरांपैकी असते, हे तिथल्या वाहनधारकांना सांगायला नको. इंधन लांबच्या डेपोतून टँकरने येते आणि त्या वाहतुकीचा खर्च दरात मिळवला जातो.

सात आसनी अर्टिगाचे उदाहरण घेतले, तर मॅन्युअल पेट्रोल गाडीचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरमागे २०.५१ किलोमीटर आणि सीएनजी गाडीचे किलोमागे २६.११ किलोमीटर आहे. प्रमाणित आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात. मे महिन्यात सतत एसी लावून, भरल्या गाडीने, मधूनमधून खडीच्या रस्त्यावरून जाताना ते मिळत नाहीत. म्हणून पेट्रोलला १६ आणि सीएनजीला २१ धरणे शहाणपणाचे आहे. तसे धरल्यास पेट्रोल गाडीचा किलोमीटरमागे खर्च साडेसहा रुपयांच्या थोडा वर आणि सीएनजीचा चार रुपये चाळीस पैशांच्या आसपास येतो. फरक सव्वादोन रुपयांहून थोडा कमी पडतो. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीसाठी साधारण ९५ हजार रुपये जास्त मोजावे लागतात, आणि ते वसूल व्हायला सुमारे ४४ हजार किलोमीटर गाडी चालावी लागते. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दोन-सव्वादोन वर्षांत सुटतात. ज्याची गाडी बाजार, शाळा, शेत आणि वर्षातून चार वेळा तुळजापूर-परळी एवढीच फिरते, त्याला त्यासाठी पाच वर्षेही लागू शकतात.

भरवशाच्या बाजूने पाहिले, तर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले साधे पेट्रोल इंजिन आजही आपल्या भागासाठी सर्वांत निर्धास्त आहे. त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात, तालुक्याच्या मेकॅनिकला ते उघडता-जोडता येते, आणि वेळेवर ऑइल व एअर फिल्टर बदलला तर ते फारसा त्रास देत नाही. एअर फिल्टरचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पुस्तिकेत दिलेली फिल्टर बदलण्याची मुदत साध्या वापरासाठी असते, आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवरची उन्हाळ्यातली धूळ साध्या वापरात मोडत नाही. तो निम्म्या मुदतीत तपासायला हवा. छोटे टर्बो पेट्रोल इंजिन चालवायला जोमदार वाटते, परंतु त्याला ठरलेल्या प्रतीचेच ऑइल ठरलेल्या वेळी लागते, आणि जोर लावून चालवले की त्याचे अ‍ॅव्हरेज झपाट्याने उतरते.

सीएनजी गाडीचे इंजिन बहुधा तेच साधे पेट्रोल इंजिन असते, त्यामुळे तिच्या भरवशाबद्दलची भीती अनेकदा वाजवीपेक्षा जास्त असते. मात्र काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. स्पार्क प्लगची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घ्यावी लागते, आणि पेट्रोलची यंत्रणा सुस्थितीत राहावी म्हणून अधूनमधून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी लागते. सिलिंडरचे वजन कायम मागच्या शॉकअपवर राहते. डिकीची जागाही जाते, आणि आजी-आजोबांसह मुक्कामी जाणाऱ्या कुटुंबाला ती अडचण रोज नसली तरी नेमकी गरजेच्या दिवशी जाणवते. टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवण्याची रचना आणली, तिच्यामुळे छोट्या गाड्यांत ही अडचण बरीच कमी झाली आहे.

सीएनजीचा खरा प्रश्न पंपाचा आहे. ज्या पंपापर्यंत गॅसची वाहिनी पोचलेली नाही, तिथे तो मालमोटारीवरच्या सिलिंडरांतून आणला जातो; साठा उतरला की दाब कमी होतो, आणि रांगेत उभे राहूनही टाकी पूर्ण भरत नाही. गाडी घेण्यापूर्वी आपल्या रोजच्या वाटेवरच्या पंपावर सकाळी आणि संध्याकाळी जाऊन रांग पाहून यावी. पंप घरापासून २० किलोमीटर आडवाटेला असेल, तर वाचलेले पैसे त्याच फेरीत जातात.

आता डिझेल. गावाकडे डिझेल गाडीबद्दल जुना आदर आहे, आणि तो तिने कमावलेलाही आहे. भरलेली गाडी ओढण्यात आणि लांबच्या प्रवासात तिची बरोबरी आजही कठीण आहे. चार मीटरच्या आतली एखादी एसयूव्ही टर्बो पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळत असेल, तर प्रत्यक्ष वापरात पेट्रोलला १४ आणि डिझेलला १९ किलोमीटर धरून फरक किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या थोडा वर येतो. डिझेल गाडी रस्त्यावर येईपर्यंत दीड लाख रुपये जास्त लागले, तर ते ५६ हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला राज्यात ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के वाहनकर लागतो, त्याचाही या फरकात वाटा आहे.

पण १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाडीचा स्वभाव बदलला, ही गोष्ट जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आता प्रत्येक डिझेल मोटारीत आहे. काजळी जळून तो साफ होण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात चालावी लागते. घर ते शाळा, शाळा ते मोंढा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, फिल्टर तुंबतो, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागल्यावर गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागते. काही डिझेल गाड्यांत धुरातले घातक वायू कमी करणारे डीईएफ नावाचे द्रावणही वेळोवेळी भरावे लागते. म्हणून ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा तरी नांदेड-हैदराबाद किंवा जालना-नागपूरसारख्या लांब पल्ल्याला जाते, त्यांनीच डिझेल घ्यावे. गावातल्या गावात फिरणाऱ्याने ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रिक मोटार घरच्या विजेवर किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास पडते, तिला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर तिला टोलमाफी ठरवलेली आहे. घरी हक्काची पार्किंग आणि चांगली वीज असलेल्या, रोज ठराविक अंतर जाणाऱ्या नोकरदारासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे. तालुक्याच्या गावी एकच गाडी असलेल्या कुटुंबाने मात्र तिची दुरुस्ती करणारे केंद्र किती लांब आहे, हे पाहूनच पुढे जावे.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात सांगायचे तर मॅन्युअल सर्वांत स्वस्तात दुरुस्त होतो. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअरचे काम यंत्रावर सोपवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याच्या जवळचा आहे. दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स बिघडल्यास होणारा खर्च मोठा असतो, आणि तो उघडणारा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे सहसा भेटत नाही.

चालवण्याच्या खर्चात विमा आणि टायर हे दोन भाग हमखास विसरले जातात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा सक्तीचा विमा) वार्षिक हप्ता १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये आहे, आणि १५०० सीसीच्या वर गेले की तो ७,८९७ रुपये होतो. म्हणजे इंजिन थोडे मोठे घेतल्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते. टायरच्या बाबतीत काटकसर करूच नये. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून आपल्या भागातल्या गाड्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० च्या वेगाने सलग धावू लागल्या आहेत, आणि नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचे जुने टायर त्या रस्त्यासाठी योग्य नाहीत.

जुनी गाडी घेणाऱ्याने पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत अ‍ॅव्हरेज थोडे कमी मिळेल, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व सील तपासून घ्यावे लागतील.

एकूण पाहता वर्षाला १२ हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या कुटुंबाने साध्या पेट्रोल इंजिनाची मॅन्युअल गाडी घ्यावी. त्याहून जास्त फिरणे असेल आणि रोजच्या वाटेवर भरवशाचा पंप असेल, तर तीच गाडी सीएनजीमध्ये घ्यावी. बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी शोरूममध्ये न विचारता आपल्या गावच्या मेकॅनिकला विचारावे, की या गाडीची क्लच प्लेट, पाण्याचा पंप आणि सेन्सर किती दिवसांत आणि कुठून येतात. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर त्याच्याकडे रोज दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांपैकी एखादी पाहावी.