हिरोशिमातील अणुबॉम्बग्रस्त वृक्षांची मार्गदर्शित फेरी : एक अभिप्राय

६ ऑगस्ट १९४५ च्या स्फोटातून तगलेल्या झाडांना हिरोशिमात 'हिबाकुजुमोकु' म्हणतात. स्फोटकेंद्रापासून सुमारे २ किलोमीटरच्या परिघात अशी जवळपास १६० झाडे नोंदवलेली असून प्रत्येकावर माहितीची पाटी आहे. ही फेरी त्यांतील मोजक्याच झाडांपाशी नेते, पण घाई करत नाही, हे मला फार आवडले.

शांती उद्यानातील आओगिरीपाशी आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो. स्फोटाच्या वेळी केंद्रापासून १.३ किलोमीटरवर उभे असलेले हे झाड १९७३ मध्ये येथे आणून लावले. स्फोटाकडची बाजू जळून खोड पोकळ झाले आहे आणि जखमेच्या कडांनी नवी साल आत वळली आहे. ते जवळून पाहताना माझ्याने बोलवेना. स्फोटानंतरच्या पुढच्याच वसंतात त्याला पालवी फुटली होती. ३७० मीटरवरच्या विलो झाडाचे खोड तुटले, तरी मुळांतून नवे कोंब आले.

प्राण्यांविषयी मात्र मार्गदर्शक एका वाक्यात आटोपतात, ही उणीव मला खरोखर खटकली. अमेरिकेने पॅसिफिकमधील बिकिनी बेटांवर १९४६ मध्ये केलेल्या अणुचाचण्यांत जहाजांवर ठेवलेल्या शेळ्या, डुकरे व उंदरांच्या नोंदींचा निदान उल्लेख तरी व्हायला हवा होता. तरीही झाडांसाठी ही फेरी अवश्य करावी.