फोंड्यातला सेल्फ मेकअप क्लास: फक्त डोळ्याखालच्या कन्सीलरसाठी गेले होते, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पैसे वसूल झाले, पण दोनतीन गोष्टी खटकल्या, त्या पुढे लिहिल्यात. गोव्यात फोंड्याला वरच्या बाजारात एक छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या, एक एसी आणि चालवणारी ताई एकटीच. नाव मुद्दाम देत नाही, गणपतीच्या चवथीच्या आधी आणि लग्नसराईत तिला तसाही श्वास घ्यायला वेळ नसतो, ज्यांना खरंच जायचंय त्या विचारतीलच. नवरीचे मेकअप करतेच, शिवाय जत्रेच्या नाटकांना रंगभूषेला पण जाते, म्हणजे हात बसलेला आहे. एका वेळी एकीलाच शिकवते, दोन तास, पंधराशे रुपये, आणि मी फोनवरच सांगून टाकलेलं की मला आयलायनर नको, ब्लश नको, फक्त डोळ्याखालचं शिकव.

कारण काय, तर आमच्या वयाच्या बायकांकडे लग्नात जरा निरखून बघा. मुहूर्ताला सगळं छान असतं आणि पंगत बसेपर्यंत कन्सीलर, म्हणजे काळेपणा झाकायला लावतो ते, रेषांत जाऊन बसलेलं, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, चिखल उन्हात तडकतो ना अगदी तसं. ज्या रेषा एरवी कोणाला दिसत पण नाहीत त्या फोटोत मोजून घ्या. आणि मे महिन्यात देवळाच्या हॉलमध्ये, वर पंखे गरगरतायत पण वारा नक्की कुठे जातो ते त्या देवालाच माहीत, अशा ठिकाणी टिकेल असं काहीतरी मला हवं होतं.

ताईने पहिली पंधरा मिनिटं काही लावलंच नाही हे मला आवडलं. आधी मला खिडकीजवळ उभं केलं, ट्यूबलाईट बंद, हातात आरसा दिला आणि डोळ्याखालची कातडी बोटाने हलकी बाजूला ओढायला लावली. ओढल्यावर काळेपणा तसाच राहिला तर तो रंग आहे, कातडीतला, आपल्याकडे तो खूप जणींना घराण्यातूनच येतो. ओढल्यावर किंवा मान वर करून उजेडाकडे बघितल्यावर कमी झाला तर ती सावली आहे, तिथे खळगा आहे म्हणून पडलेली. रंग झाकता येतो, खळगा कन्सीलरने भरत नाही. सावलीवर कितीही थापा, थर तेवढा वाढतो आणि रेषा उठून दिसतात. माझं दोन्हीचं मिश्रण निघालं, आतल्या कोपऱ्यात रंग आणि खाली सावली. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं असं मला वाटतं, कारण आपण सगळ्या जणी बाटलीला दोष देत बसतो.

मग तयारी. डोळ्याखालची कातडी गालापेक्षा बरीच पातळ असते आणि तिथे तेलाच्या ग्रंथी फार कमी, म्हणून ती कोरडी पडते, आणि वर दिवसभर डोळे मिचकावणं, हसणं चालूच. कोरड्या जागी कन्सीलर लावलं की त्यातला ओलावा उडतो आणि रंग तेवढा घडीत गोळा होतो. म्हणून आधी थोडं क्रीम, तांदळाच्या दाण्याएवढं दोन्ही डोळ्यांना मिळून, आणि मग चक्क थांबायचं. चारपाच मिनिटं. उरलेलं टिश्यूने टिपायचं, कारण क्रीम जास्त झालं तरी वरचं सगळं घसरतं, आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. सनस्क्रीन लावत असाल तर तेही आधी पूर्ण बसू द्यायचं, नाहीतर वर चोळलं की त्याच्या लोळ्या निघतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्या काळपट निळसर कोपऱ्यावर आधी पीच रंगाचा करेक्टर, निळ्याला केशरी मारतं हा साधा रंगांचा हिशोब, अगदी पुसटसा, आणि फक्त काळं आहे तिथेच. त्यावर कन्सीलर. तिने किटमधलं मेबलिनचं 'फिट मी' नावाचं कन्सीलर वापरलं, ते 6.8 मिलीचं छोटं मिळतं ना ते. कांडी बाहेर काढून बाटलीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी पुसली, उरलेलं हाताच्या पाठीवर उतरवलं आणि तिथून बोटावर घेतलं. मी बघतच राहिले, एवढ्याने काय होणार! "मातशेंच," म्हणजे थोडंसंच, म्हणाली, आणि खरंच तेवढंच. एक ठिपका आतल्या कोपऱ्यात, एक बाहेरच्या कोपऱ्यात किंचित वर, आणि जिथे रेषा आहेत त्या मधल्या पट्ट्यात काहीच नाही. काहीच नाही म्हणजे काहीच नाही, कोपऱ्यातलं पसरवताना बोटाला जे उरेल तेवढंच तिथे जायचं. व्हिडिओत ते मोठे त्रिकोण काढतात ना पार गालापर्यंत, ते कातडी विशीतली आणि लाईट समोरून असतो तेव्हा ठीक आहे हो.

पसरवायचं अनामिकेने, कारण त्या बोटाचा दाब आपोआप हलका पडतो, आणि बोटाच्या उबेने कन्सीलर मऊ होतं. चोळायचं नाही, टिपत टिपत दाबायचं. चोळलं की खालचा पीच उचलला जातो आणि राखाडी दिसायला लागतं.

यानंतरची जी स्टेप आहे तिच्यासाठी मी आणखी एकदा पंधराशे मोजीन. कन्सीलर लावून झालं की लगेच पावडर नाही. एक मिनिट थांबायचं, आरशात बघून मोठ्ठं हसायचं, डोळे बारीक करायचे, जेवढं तोंड वेडंवाकडं करता येईल तेवढं करायचं. म्हणजे जे रेषेत जाणार आहे ते आत्ताच जाऊ दे. मग टिश्यूचे दोन पदर सुटे करून एकच पातळ पदर डोळ्याखाली ठेवून वरून बोटाने दाबायचा, जास्तीचं निघून येतं. राहिलेलं बोटाने सपाट करायचं आणि ताबडतोब, नजर वर ठेवून, पावडर. "वयर पळय, वयर!", म्हणजे वर बघ, असं ती ओरडतच होती कारण माझी नजर सारखी आरशाकडे. वर बघितलं की कातडी ताणली जाते आणि रेषा उघडी असतानाच पावडर बसते. पावडर पण किती, तर छोटा मऊ ब्रश डबीत टेकवून, झटकून, मग डब्याच्या झाकणावर पुन्हा फिरवून, जवळजवळ रिकामा ब्रश. पावडरचा ढीग ठेवून दहा मिनिटं बसायचं जे बेकिंग असतं ते तिने सरळ मोडीत काढलं. तिचं म्हणणं, ते नाटकाला ठीक, प्रेक्षक लांब बसलेला असतो आणि वर लाईट मारलेले असतात. लग्नात मामी हातभर अंतरावरून बघते.

शेडबद्दल थोडक्यात, आपल्या रंगाचीच घ्या, फार तर एक पाऊल उजळ. त्याहून गोरी घेतली की काळ्याचं राखाडी होतं आणि फुगवटा असेल तर तोही पुढे येतो. पांढरी सिलिकावाली पावडर असेल तर घरी फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा, काही पावडरींचे पांढरे डाग फोटोतच दिसतात, आरशात नाही.

आता खटकलेलं. पहिलं म्हणजे एसी. आत सगळं सुंदर दिसतं, पण खरी परीक्षा बाहेर आहे आणि त्याबद्दल ताई स्वतःहून काही बोलली नाही. मी मुद्दाम मध्येच उठून बाजारात एक फेरी मारून आले, भर दुपारी, घामाघूम. मधल्या पट्ट्यात काही फाटलं नव्हतं हे खरं, पण आतला कोपरा ओला होऊन सरकला होता. विचारलं तेव्हा सांगितलं की घाम आला तर पुसू नकोस, टिश्यू टेकव, आणि रेषेत जमलं तर वर नवीन पावडर घालायची नाही, बोटाने दाबून आधी ते सपाट कर. अगदी कोरडं वाटलं तर बोटाला नावापुरतं क्रीम लावून टिप. अहो मग हे आधी सांगायला नको का, गोव्यात राहतो आपण, शिमल्याला नाही.

दुसरं, स्पंज. मी बोट मागितलं म्हणून बरं झालं, नाहीतर टेबलावर एक ओला गुलाबी स्पंज पडला होता आणि तो कोणाकोणाच्या डोळ्याला लागून आलाय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आपला स्पंज, आपला ब्रश, आपलं कन्सीलर घेऊन जा, ती काही म्हणत नाही.

तिसरं, शेवटी एक सेट विकायचा प्रयत्न झाला, क्रीम, करेक्टर, पावडर सगळं एकत्र. मी करेक्टर तेवढा घेतला. बाकीचं म्हापशाच्या बाजारात किंवा ऑनलाईन स्वस्त पडतं, फक्त डबीवर तारीख आणि ते उघड्या झाकणाचं चित्र बघून घ्या, 12 एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने.

क्लासनंतर ज्या लग्नाला गेले तिथे काय झालं ते पण सांगते. सकाळी सातला लावलं, पंगत उठली तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते, रेषा होत्याच, त्या असणारच, पण त्यांत पांढरं काही भरलेलं नव्हतं. काळेपणा सत्तर टक्के झाकलेला, तीस टक्के दिसत होता, आणि मला ते चालतं. ज्यांना फोटोत एकदम गुळगुळीत डोळे हवेत त्यांना हा क्लास पटणार नाही, त्यांनी नवरीच्या मेकअपवालीलाच पैसे द्यावेत.

पाचपैकी चार. सोमवारी बंद असतं, जायचंच तर सकाळचा टाइम घ्या, खिडकीतला उजेड दुपारनंतर जातो आणि मग ती ट्यूबलाईटवर शिकवते.