इचूका की स्वान हिल? मरे नदीकाठचं एक गाव निवडताना

मेलबर्नहून लाँग वीकेंडला मरे नदी बघायची ठरली की दोन नावं हमखास पुढे येतात, इचूका आणि स्वान हिल. दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर सीमेवर, दोन्हीकडे पाण्यात फिरणाऱ्या चाकांच्या जुन्या बोटी, आणि फोटोत तर दोन्ही सारखीच दिसतात. हातात एकच दिवस असेल तर इचूकाला जावं, यात वाद नाही. दोन रात्री आणि थंडीचे दिवस (तिथे जून ते ऑगस्ट) असतील तर स्वान हिलचं पारडं जड होतं. एका दिवसात स्वान हिलला जाऊन परत यायचा बेत मात्र आखूच नये. जाता-येता आठ तास गाडीत जातात आणि नदी बघायला दुपारचं रणरणतं ऊन तेवढं उरतं.

दोन गावं इतकी वेगळी का, याचं उत्तर रेल्वेत आहे.

मरेवर वाफेच्या बोटी आल्या १८५३ मध्ये. दक्षिण ऑस्ट्रेलियातून विल्यम रँडेलची 'मेरी ॲन' आणि फ्रान्सिस कॅडेलची 'लेडी ऑगस्टा' अशा दोन बोटी प्रवाहाविरुद्ध वर निघाल्या. त्या सप्टेंबरात स्वान हिलला कॅडेल काही तासांच्या फरकाने आधी पोचला. रँडेल मात्र आणखी वर, आजच्या इचूकासमोरच्या मोआमापर्यंत गेला. म्हणजे शर्यतीचा मान स्वान हिलचा. पण व्यापार तिथे थांबला नाही. १८६४ मध्ये मेलबर्नची रेल्वे थेट इचूकाला येऊन भिडली आणि मरे, मरंबिजी, डार्लिंग या तिन्ही नद्यांवरच्या मेंढवाड्यांची लोकर इथे उतरू लागली. बोटीतून गाठोडी काढायची, वाघिणीत भरायची, दुसऱ्या दिवशी मेलबर्नच्या बंदरात. इचूका देशातलं सगळ्यात मोठं अंतर्गत बंदर झालं ते असं.

त्याच रेल्वेने मग इचूकाचा घासही काढून घेतला. रूळ १८७६ मध्ये नदीपलीकडच्या डेनिलिक्विनला, १८८२ मध्ये 'हे' नावाच्या गावाला आणि १८९० मध्ये खुद्द स्वान हिलला पोचले. लोकर जिथे कातरली जाते तिथेच जवळ आगगाडी मिळायला लागल्यावर इचूकापर्यंत बोट कोण नेणार? इचूकाकडे उरला धक्का आणि बोटी, आणि पुढे तेच त्याचं भांडवल ठरलं. स्वान हिलकडे मोठा धक्का कधी नव्हताच. म्हणून तिथे १९६६ मध्ये जुनं गाव नव्याने उभारून त्याचं खुलं संग्रहालय केलं, पायोनियर सेटलमेंट. देशातलं या प्रकारचं हे पहिलं. थोडक्यात, इचूकाला जे बघता ते जागच्या जागी टिकलेलं आहे आणि स्वान हिलला जे बघता ते बरंचसं इकडून तिकडून आणून मांडलेलं आहे. दुसऱ्याला कमी लेखायचं कारण नाही, पण फरक माहीत असावा.

इचूकाचा धक्का आणि बोटी

इचूका या नावाचा अर्थ पाण्यांचा संगम. कॅम्पास्पी गावातच मरेला मिळते आणि गोलबर्न थोडी वरच्या बाजूला. संगम म्हटल्यावर कऱ्हाडचा प्रीतिसंगम डोळ्यांपुढे आणू नका. इथे घाट नाहीत, देवळं नाहीत, आहेत ते मातीचे उंच कडे आणि रेड गमची, म्हणजे निलगिरीच्या एका जातीची, झाडं. ही भूमी योर्टा योर्टा लोकांची. मरेला ते डुंगाला म्हणतात, आणि २०२२ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलाला तेच नाव दिलं आहे. गोऱ्यांची वस्ती वसवली हेन्री हॉपवुडने. इंग्लंडमधून शिक्षा होऊन जहाजावर चढवलेला हा माणूस. सुटल्यावर त्याने इथे नदी ओलांडायला तराफा सुरू केला आणि शेजारी हॉटेल बांधलं.

धक्का बघताना वरून चालून परत फिरू नका, खाली उतरा. रेड गमच्या जाडजूड खांबांवर तो तीन मजली बांधलेला आहे, आणि ते हौसेसाठी नव्हे. धरणं नव्हती तेव्हा उन्हाळ्याच्या अखेरीची नदी आणि वसंतातली नदी यांच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडायचा. ज्या मजल्याला पाणी लागेल त्या मजल्यावर बोट लावायची. आज खालच्या मजल्यावर उभं राहून वर पाहिलं की हा हिशेब लगेच कळतो. वरचा मजला सपाट आहे. खाली जायला पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना वरच बाकावर बसवावं. आता पातळी एवढी हलत नाही, कारण खालच्या बाजूला टोरम्बरीचा बंधारा १९२४ पासून पाणी अडवून धरतो. पण पूर यायचा तेव्हा येतोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाणी १९९३ च्या पुराच्या वर गेलं आणि गावाच्या मधून मातीचा बांध घालावा लागला. बांधाच्या नदीकडच्या बाजूला राहिलेल्या घरांचं काय, हा सल तिथे अजून आहे.

बोटींचं तिकीट काढताना फक्त वेळ विचारू नका, बोटीचं नाव विचारा. 'पेव्हेन्सी' १९११ ची, 'कॅनबेरा' १९१३ ची, 'अलेक्झांडर अर्बथनॉट' १९२३ ची. आणि १८६६ ची 'ॲडलेड' ही लाकडी बुडाची, अजून चालणारी जगातली सगळ्यात जुनी चाकबोट. ती रोज फेऱ्या मारत नाही, धक्क्याला बांधलेली असेल तर बाहेरून बघून घ्यावी. साधारण तासाभराच्या फेऱ्या दिवसातून अनेकदा सुटतात.

बोटीत चढल्यावर खिडकीची जागा पकडायला धावू नका. 'पेव्हेन्सी'सारख्या मालवाहू बोटीवर मधल्या भागात, इंजिनाच्या कठड्याशी उभं राहावं. भट्टीत हातभर लांबीचे रेड गमचे ओंडके टाकले जातात, बाष्पकातून वाफ सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या पुढे-मागे होतो आणि तो जाड आस दोन्ही बाजूंची चाकं फिरवतो. सगळं उघडं, हाताच्या अंतरावर, तेलाचा वास आणि थंडीत उबही. या बोटींचा तळ सपाट आणि उथळ असतो, कारण नदीत पाणी कमी आणि बुडालेले ओंडके फार. रेड गमचं लाकूड इतकं जड की ओलं झाड नदीत पडलं की तरंगत नाही, तळाला जाऊन बसतं. खोल बुडाची बोट त्यावर फाटलीच म्हणून समजा. पांढरे कपडे घालून मात्र जाऊ नका, काजळीचे कण उडतात.

धक्का, एक फेरी, जुन्या बाजाराचा रस्ता आणि दुपारचं जेवण, एवढ्यात पाच-सहा तास जातात. दुसरा दिवस असेल तर साधारण अर्ध्या तासावरचं बार्मा. रेड गमचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल हे. पलीकडच्या काठावर कमेरागंजा, आदिवासींची वसाहत. तिथल्या मिशनवरच्या जाचाला कंटाळून १९३९ मध्ये आदिवासी कुटुंबांनी नदी ओलांडून बार्माला तळ ठोकला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी हक्कांच्या लढ्यात या घटनेचं स्थान मोठं आहे. नुसतं झाडं बघून परतू नये.

स्वान हिल आणि भोवतालचा सपाट मुलूख

नाव दिलं भूमापक थॉमस मिचेलने, जून १८३६ मध्ये. नदीकाठच्या टेकाडावर मुक्काम पडला आणि काळ्या हंसांच्या कलकलाटाने रात्रभर झोप लागली नाही, म्हणून स्वान हिल. टेकाड कसलं, आपल्याकडे त्याला कोणी नावही दिलं नसतं.

पायोनियर सेटलमेंटला किमान तीन तास द्या. लोहार, छापखाना, शाळा, वाण्याचं दुकान अशी जुन्या वळणाची गल्ली आहे आणि दाराशी १८७६ ची 'जेम' ही भली मोठी बोट कायमची नांगरलेली आहे. फेरीसाठी 'पायप' आहे, पण इचूकासारखी दर तासाला दुसरी बोट नसते, त्यामुळे आल्या आल्या फेरीची वेळ बघून बाकीचा दिवस तिच्याभोवती लावावा. शाळकरी मुलांना स्वान हिल जास्त रमवतं, हे खरं. वस्तूंना हात लावता येतो, धावायला जागा आहे. खऱ्या वाफेच्या इंजिनाचं वेड असलेल्यांनी इचूकाच धरावं. स्टेशनाजवळ मरे कॉड माशाचा अवाढव्य पुतळा आहे, फोटो काढा आणि पुढे चला. त्यापेक्षा मॉर्टन बे फिगचं जुनं झाड बघा. आपल्या वडा-उंबराच्याच गोतातलं, आणि सावलीही तशीच ऐसपैस.

पण स्वान हिलची खरी ताकद गावाबाहेर आहे. सोळा किलोमीटरवर लेक बोगा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूमवर हल्ला करून फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, नष्ट केली तेव्हा हवाई दलाला समुद्रापासून लांब, सुरक्षित दुरुस्तीची जागा हवी होती. हा तलाव जवळजवळ गोल आहे, त्यामुळे वारा कुठूनही असो, विमानाला उडायला तोंड मिळतं. युद्ध संपेपर्यंत चारशेहून अधिक विमानं इथे दुरुस्त झाली. संग्रहालयात कॅटलिना विमान आहे आणि शेजारी जमिनीखालचा संदेशकक्ष. नदीच्या गावाजवळ हे सापडेल असं कुणाला वाटत नाही.

आणि पश्चिमेला सुमारे तासाभरावर, सी लेक गावाबाहेर, लेक टिरेल. व्हिक्टोरियातला सगळ्यात मोठा खाऱ्या पाण्याचा तलाव. जून ते ऑगस्टात वर काही सेंटिमीटर पाणी असतं आणि वारा पडला की आकाश जसंच्या तसं खाली उतरतं. उन्हाळ्यात गेलात तर नुसतं मीठ दिसेल. इथे लोकांचं काय चुकतं ते सांगतो. भर दुपारी येतात, वारा असतो, आरसा फुटलेला असतो. सूर्योदय किंवा सूर्यास्त गाठा, म्हणजेच स्वान हिल किंवा सी लेकला रात्रीचा मुक्काम हवा. गमबूट घाला, मिठाखाली काळा चिखल असतो. गाडी तलावात घालू नका, रुतली की ओढून काढायला येणाऱ्याचा खर्च जबर असतो. घरी आल्यावर गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुवा.

जायचं कसं, राहायचं कुठे

इचूका साधारण २१० किलोमीटर, हीथकोटमार्गे नॉर्दर्न हायवेने अडीच-पावणेतीन तास. स्वान हिल सुमारे ३४० किलोमीटर, बेंडिगो-केरँगमार्गे चार तास. व्ही-लाइनची (राज्याच्या रेल्वेसेवेची) गाडी दोन्हीकडे जाते, आणि मार्च २०२३ पासून तिचं दिवसाचं भाडं मेलबर्नच्या दैनिक भाड्याएवढंच धरलं जातं. तेव्हा गाडी न चालवणाऱ्यांनी घाबरू नये. इचूकाचं स्टेशन धक्क्यापासून चालत जाण्याजोगं आहे. स्वान हिलला स्टेशन गावात असलं तरी लेक बोगा आणि टिरेलसाठी गाडी लागतेच, म्हणून रेल्वेने जाणाऱ्याने इचूकाच निवडावं.

शाकाहारी मंडळी असतील तर मोटेलऐवजी हॉलिडे पार्कमधली केबिन घ्या. मोटेलमध्ये किटली आणि टोस्टर, केबिनमध्ये शेगडी. छोट्या गावात स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, आठनंतर पोचलात तर भाताचा कुकर आपल्याच हातचा बरा. इचूकाला असाल तर पूल ओलांडून मोआमाच्या क्लबांमध्ये जेवण तुलनेने स्वस्त मिळतं. जुगाराची यंत्रं न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून कायदेशीर होती, व्हिक्टोरियात नव्हती. क्लब काठावर फुगले ते त्यामुळे.

जानेवारीत दोन्हीकडे पारा चाळिशी ओलांडतो. फेब्रुवारीत इचूकाला सदर्न ८० ही वॉटर स्कीची शर्यत असते, ऐंशी किलोमीटरभर इंजिनांचा गोंगाट. शांतता हवी असेल तर तो वीकेंड टाळा. जूनच्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीत वाफेच्या यंत्रांचा मेळा भरतो, तेव्हा खोल्या महिनोन् महिने आधी भरतात.

तंबू ठोकणार असाल तर रेड गमच्या फांदीखाली कधीही नको. वारा नसताना, उन्हाच्या शांत दुपारी या झाडाची मांडीएवढी फांदी काही सूचना न देता कोसळते. पोहताना किनाऱ्यापासून दोन पावलांवर खोली एकदम वाढते आणि खाली ओंडके असतात, म्हणून सूर मारू नका. संध्याकाळी डासांचं मलम लावा, या पट्ट्यात डासांमुळे पसरणारे मेंदूज्वरासारखे आजार आढळलेले आहेत. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, गाडी त्याआधी मुक्कामी पोचलेली बरी.

मासे धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट दोन्ही गावांत सारखी. व्हिक्टोरियाची हद्द दक्षिण काठाच्या माथ्यावर संपते, पाणी न्यू साउथ वेल्सचं. म्हणून व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकलात तरी परवाना न्यू साउथ वेल्सचाच लागतो. अठराखालच्या मुलांना तो लागत नाही. मरे कॉड सप्टेंबर ते नोव्हेंबर धरायचा नाही, आणि एरवीही ५५ ते ७५ सेंटिमीटरमधलाच ठेवायचा, बाकी पाण्यात सोडायचा.

तीन दिवस असतील तर निवड करायचीच गरज नाही. शुक्रवारी रात्री इचूका, शनिवारी सकाळची पहिली फेरी, दुपारी कोहूना-केरँगमार्गे दीडशे-एक किलोमीटर स्वान हिल, वाटेत लेक बोगा. रविवारी सकाळी पायोनियर सेटलमेंट, दुपारी सी लेककडे निघून टिरेलवर सूर्यास्त आणि तिथेच मुक्काम, सोमवारी परत. उलट दिशेने करू नका, कारण बोटीची सकाळची फेरी हुकली तर शेवटच्या दिवशी दुपारी मेलबर्नचा ट्रॅफिक डोक्यावर घेऊन धक्क्यावर ताटकळावं लागतं.