नेटस्केप नॅव्हिगेटर: तिसऱ्या आवृत्तीला पाच तारे, चौथीला दोन

माझ्या लेखी नॅव्हिगेटर ३ हा सगळ्यांत देखणा ब्राउझर. कोपऱ्यातल्या 'एन'वर उल्का पडत राहायच्या, आणि फोनलाइनवरच्या डायल-अप इंटरनेटच्या रडतखडत वेगातही मजकूर आधी वाचता यायचा, चित्रं मागाहून भरत जायची. त्या काळी हीच चैन! ऑगस्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीचा २८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५८ च्या वर बंद झाला.

मग मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत आपला ब्राउझर फुकट दिला. पण सगळा दोष त्यांचाच नाही हं. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे कम्युनिकेटर ४ मध्ये, मेल, न्यूजग्रुप (चर्चागट), वेबपानं बनवायचं साधन असं काय काय कोंबलेलं! नुसता ब्राउझर हवा असणाऱ्याने हे ओझं का वाहायचं? १९९९ मध्ये कंपनी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या पदरात पडली, २००८ मध्ये ब्राउझर बंद. नेटस्केपने १९९८ साली सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या कोडपासून सुरू झालेल्या मोझिलाचं फायरफॉक्स मी अजून वापरतो.