स्टीव्हिया: चहाला जरूर घ्या, शिऱ्याला नको

सासऱ्यांना मधुमेह निघाला तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घरात साखरेला पर्याय म्हणून बरंच काही येऊन गेलं. टिकली ती फक्त स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीची सुकी पानं. बाबांना दिवसातून तीन-चारदा चहा लागतो आणि फिका चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही, त्यामुळे आमच्याकडे या वस्तूची परीक्षा चहातच झाली.

पानं मी मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून आणते. शंभर ग्रॅमची पुडी दोनशेच्या आत येते आणि पुरतेही भरपूर. दुकानदारांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "ताई, हिरवी बघून घ्या. तपकिरी पडलेली नको आणि काड्या तर मुळीच नको, गोडी पानात असते." सल्ला अगदी खरा निघाला.

चहाची रीत मात्र थोडी बदलावी लागते. पाणी, आलं, चहापूड नेहमीसारखं उकळायचं, दूध घालायचं, आणि पानं सगळ्यात शेवटी, गॅस बंद करताना. चिमूटभर पानं हातावर चुरून टाकायची, दोन मिनिटं झाकण ठेवायचं आणि गाळायचं. पानं सुरुवातीपासून उकळली की कडसर चव उतरते. स्टीव्हियाची गोडी जिभेवर जरा उशिरा येते आणि नंतर ज्येष्ठमधासारखी घशाशी रेंगाळते. आल्याच्या चहात ती झाकली जाते, वेलचीच्या चहात जाणवते. म्हणून आमच्याकडे बारा महिने आलं. परवा बाबांनी कप ठेवता ठेवता विचारलं, "खरं सांग, आज साखर घातलीस ना?" नव्हती घातली. मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला.

सरबतासाठी पानांपेक्षा शुद्ध अर्काची पांढरी पूड किंवा थेंब बरे. हा अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो, तेव्हा चमच्याने नाही, सुईच्या टोकाने घ्यायची वस्तू आहे. जास्त पडला की सरबत कडू होतं. कोकम सरबतात तो उत्तम बसतो, लिंबू सरबतात काळं मीठ थोडं वाढवलं की छान लागतो.

पक्वान्नांचं मात्र स्पष्ट सांगते. साखर फक्त गोडी देत नाही, ती वजन देते, ओलावा धरते, पाक देते, रंग देते. स्टीव्हियात यातलं काहीच नाही. शिऱ्याला तकाकी येत नाही, रव्याचे लाडू वळले जात नाहीत, आणि मुरांबा टिकतो तोच मुळी साखरेमुळे. श्रीखंड त्यातल्या त्यात जमतं. साखरेने चक्का सैल होतो, तसा इथे होत नाही, म्हणून चमचाभर दूध घालून फेटायचा आणि केशर-वेलचीला हात आखडायचा नाही. गणपतीत उकडीचे मोदक आम्ही गुळाचेच करतो. बाबा एक खातात आणि त्या जेवणात भात सोडतात, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय.

आता पुड्यांबद्दल, कारण इथे माझी खरी तक्रार आहे. एका मोठ्या दुकानातून मी 'नैसर्गिक स्टीव्हिया' असं ठळक लिहिलेला डबा आणला. मागच्या बारीक अक्षरांत पहिलं नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भरीची पूड, आणि स्टीव्हिया शेवटी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त काय आहे ते पहिल्या नावातच कळतं. माल्टोडेक्स्ट्रिन आणि अशीच भर म्हणून घालतात ते डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच), दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. एका पुडीत ग्रॅमभरच असेल, पण मधुमेही माणूस विश्वासाने दिवसभर घेतो त्याचं काय? इतक्या मोठ्या अक्षरांत नाव छापता, तर आत काय आहे तेही वाचता येईल अशा अक्षरांत छापा. डबा मी परत केला.

ही वनस्पती मूळची पॅराग्वे-ब्राझीलकडची. तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आले, जपानमध्ये १९७०च्या दशकापासून अर्काचा वापर रुळला आणि आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१५ साली अर्काला परवानगी दिली. त्यातले गोड घटक वरच्या आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात आणि उरलेलं यकृतातून जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून रक्तातली साखर चढत नाही. पण अमेरिकेत मान्यता आहे ती शुद्ध अर्काला, अख्ख्या पानांना नाही, हे पानं वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आम्ही चिमटीवरच थांबतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नका, असं सांगितलंय. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, पण बारीक होण्यासाठी स्टीव्हिया घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी तो जरूर वाचावा. शिवाय चहासोबतची खारी तशीच चालू असेल तर साखर बंद करून फारसं काही साधत नाही. आमच्याकडे आधी खारी गेली, मग साखर.

रोप लावायचं असेल तर सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत विचारा. गॅलरीत ऊन येत असेल तर कुंडीत छान वाढतं. पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात तर कुंडी आडोशाला घ्या, नाहीतर मूळ कुजतं. दिवस लहान व्हायला लागले की फुलोरा धरतो आणि फुलं आली की पानांची गोडी उतरते, म्हणून त्याआधीच शेंडे खुडून पानं सावलीत वाळवा.