डबीतली नळी: पीव्हीसी, रबर की सिलिकॉन?

ट्रेकला सोबत न्यायच्या आणीबाणीच्या डबीत पाणी ओढून घ्यायला नळी ठेवावी की नाही, या वादात शिरत नाही. पाऊस सरून चार-पाच महिने झाले की आडवाटेच्या किल्ल्यांवरची कातळात खोदलेली बरीच टाकी तळाला जातात. खांबटाक्यातलं, म्हणजे खांब राखून आतपर्यंत कोरलेल्या टाक्यातलं, पाणी आत, कातळाच्या छताखाली सरकलेलं असतं. कड्याच्या चिरेत हातभर आत थोडंसं झिरपून साचलेलं असतं, पण तिथे बाटली वळत नाही आणि ओंजळ पोचत नाही. हे ज्यांनी पाहिलंय त्यांचा प्रश्न एवढाच उरतो की नळी घ्यायची तर कुठली.

दोन प्रकार आधीच बाजूला काढतो. आरओवाला बसवतो ती पांढरी पॉलिथिलीनची नळी मजबूत असते, पण ताठ. डबीत मावेल एवढी वळवायला गेलात की मोडते, आणि मोडली तिथे कायमची चेमटते. दुसरी सलाईनची. तिला प्रवाह कमी-जास्त करायची चिमटी असते, गुंडाळली की मुठीत मावते, म्हणून बरेच जण हौसेने ठेवतात. वापरलेली तर नकोच. कोऱ्या पाकिटातली असली तरी आतून जेमतेम तीन मिलिमीटर असते. नळीचा आतला व्यास निम्मा केला की तेवढ्याच ओढीला पाणी साधारण सोळाव्या हिश्श्याने येतं. उन्हात वाट चुकून दमलेल्या माणसाने गाल दुखेपर्यंत चोखायचं आणि जीभ ओली व्हायची, हा सौदा मला तरी पटत नाही.

उरल्या तीन: हार्डवेअरच्या दुकानातली पीव्हीसी, पिवळट लॅटेक्स रबराची आणि सिलिकॉनची.

रबरी नळीचा मोह मला समजतो. ती ताणते, आणि ताणणारी वस्तू सोबत असली की माणसाला उगाच चार उपयोग सुचतात. बेचकी होते, काठ्या आवळून बांधता येतात, तुकडा कापून पेटवला तर काळा धूर ओकत का होईना, पण ओलसर सरपण धरेपर्यंत जळत राहतो. मात्र शेवटच्या कामाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे तितकेच चांगले आणि फुकट. पाणी ओढायला बसलात की रबराचा उत्साह ओसरतो. पातळ भिंतीची असेल तर जोरात ओढताच आतल्या आत चिकटते, आणि पाण्याला फुग्याची चव येते. काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जीही असते. शिवाय ऊन, हवेतला ओझोन आणि तेल या तिन्हींशी तिचं वैर. आपल्याकडचा एक उन्हाळा सॅकच्या वरच्या कप्प्यात काढला की पुढच्या मोसमात ती चिकट झालेली किंवा बारीक तडे गेलेली निघते. दरवर्षी आठवणीने बदलणारे लोक असतील, मी त्यांतला नाही.

रबरी नळीच्या बाजूने आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: साप चावला तर आवळायला बरी. ते डोक्यातून काढून टाका. आपल्या डोंगरांत गाठ पडायची शक्यता असते ती फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांच्याशी. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने चाव्याच्या जागेची आधीच नासाडी होत असते. वर घट्ट आवळलं की रक्तपुरवठा तुटून अवयवच धोक्यात येतो, आणि सोडताना साठलेलं विष एकदम अंगात जातं. हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. नळीचा इथे काही संबंध नाही.

पीव्हीसीबद्दल मला आकस नाही, उलट अनेक बाबतींत ती सरस आहे. मीटरवर कापून मिळते, स्वस्त असते, काचेसारखी पारदर्शक असते. डासांच्या अळ्या वर येताना दिसल्या की तोंड काढून घेता येतं. भिंत ताठ, त्यामुळे ओढताना चेपून बसत नाही. कातळाच्या धारेवर घासली तरी सहसा कापली जात नाही. गवंड्याकडची लेव्हलची नळी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नसते. तिचा मऊपणा प्लास्टिसायझरमधून, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला मिसळलेल्या रसायनातून येतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या नळीतून पहिला घोट घेतला की ते कळतं. फूड-ग्रेड पीव्हीसी वेगळी मिळते, घेणाऱ्याने तीच मागावी. चव थोडी तरीही राहते, पण तहान लागल्यावर चवीची तक्रार कोण करतो?

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. नळी डबीत बसवायची म्हणजे गुंडाळायची, आणि गुंडाळलेली पीव्हीसी काही आठवड्यांत ते वळण अंगी मुरवून घेते. मग चिरेत सोडली की टोक खाली जाण्याऐवजी वळून वर येतं. वर म्हणजे नेमकं पाण्याच्या पापुद्र्यावर, जिथे पाला, शेवाळ आणि मेलेले किडे तरंगत असतात. ओढलं की अर्धी हवा, अर्धा कचरा. खालचं स्वच्छ पाणी चार बोटांवर असतं आणि टोक तिकडे जायला तयार नसतं. हाताने दाबून धरावं म्हटलं, तर हात पोचत असता तर नळी काढलीच नसती. टोकाला खडा बांधावा तर दोरा आवळताच नळी चेमटते. काडीला बांधून सोडली तर जमतं, पण चीर वाकडी असली की काडी अडकते. गरम पाण्यात बुडवली की नळी सरळ होते, हेही खरं. पण गरम करण्याइतकं पाणी हाताशी असतं तर मी त्या चिरेपुढे पालथा कशाला पडलो असतो? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात, इथे नळीनेच शेपटाचा गुण उचललाय. हिवाळी हिमालयात ती आणखी ताठरते, तेव्हा तिला वळवणंही नको आणि सरळ करणंही नको.

सिलिकॉनची नळी हा त्रास देत नाही, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. महिनोन् महिने गुंडाळून ठेवा, बाहेर काढल्यावर ती मऊ सुतासारखी लोंबते. पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे टोक आपसूक खाली जातं. तळाच्या गाळात जाऊ नये म्हणून उलट जरा वर धरावं लागतं. खळखळत्या पाण्यात उकळून निर्जंतुक करता येते, कारण दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता ती सहज सोसते. चांगल्या प्रतीची असेल तर चव जवळजवळ लागत नाही. थंडीत मऊच राहते.

खोड्या तिलाही आहेत. चाकूचा किंवा कातळाचा बारीकसा काप गेला की तिथून चर्रकन फाटत जाते, पीव्हीसीसारखी तग धरत नाही. अंगाला धूळ आणि लोकरीचे तंतू चिकटतात, म्हणून पिशवीत घालूनच ठेवावी. चिकटपट्टी किंवा नेहमीचा गोंद तिच्यावर धरत नाही, त्यामुळे फाटली की फाटका भाग कापून टाकणं हाच उपाय. गुळगुळीत तोटीवर ओली असताना सरकते, वरून दोऱ्याचे दोन वेढे द्यावे लागतात. दुधाळ असल्याने आतलं तेवढं स्पष्ट दिसत नाही. आणि किंमत पीव्हीसीच्या कितीतरी पट. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्याकडे हवेच्या पंपाची सिलिकॉनची नळी स्वस्तात मिळते, तिने सुरुवात करायला हरकत नाही. पण ती आतून चारेक मिलिमीटर आणि भिंतीने पातळ असते, जोरात ओढलं की बसते. मला आत पाच, बाहेर आठ मिलिमीटर हे माप मानवलं. दीड मिलिमीटरची भिंत ओढीला टिकते आणि कातळावर थोडी दमही धरते.

लांबी सव्वा मीटर पुरे. कागदावर समुद्रसपाटीला दहा मीटरपर्यंत पाणी ओढता येतं, पण तोंडाने मीटर-दीड मीटर चढवतानाच जीव मेटाकुटीला येतो. त्याहून खोल टाक्याला दोरी आणि बाटली हाच मार्ग. गावकरी जिथलं पाणी पितात त्या टाक्यात तोंडाची नळी सोडूही नये.

नळीतून आलेलं पाणी थेट गिळायचं नाही, हे सांगायची गरज नसावी. बाटलीत सोडा, मग क्लोरीनची गोळी किंवा उकळी. होलो-फायबरचं, म्हणजे बारीक पोकळ तंतूंचं, छोटं फिल्टर असेल तर सिलिकॉनचा आणखी एक फायदा मिळतो: गढूळ पाण्याची पिशवी फांदीला टांगायची, नळी खाली सोडायची, टोकाला फिल्टर जोडायचं आणि आपण चुलीकडे वळायचं. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांच्या या फिल्टरमध्ये जिवाणू अडतात, विषाणू अडतीलच असं नाही. गावाखालच्या ओढ्याचं पाणी असेल तर गोळी वरून टाकावीच.

ज्यांच्याकडे पीव्हीसी आहे आणि नवा खर्च करायचा नाही, त्यांनी ती फेकू नये. फक्त डबीत गुंडाळू नये. सॅकच्या पाठीकडच्या कप्प्यात वरपासून खालपर्यंत सरळ सोडून, खाली एकच मोठी बाकदार वळी देऊन ठेवली तर टोकाकडचा हातभर भाग सरळ राहतो, आणि चिरेत जाणारा भाग तेवढाच असतो. बाकीची कितीही वाकडी राहिली तरी चालते.