जुनी पद्मिनी घेताना: आधी पत्रा, मग कागद, इंजिन सगळ्यात शेवटी

बीड, परभणी, लातूर, कुठेही जा. वाड्याच्या मागच्या शेडमध्ये नाहीतर शेतातल्या आखाड्यावर एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार चाकं बसलेल्या अवस्थेत सापडतेच. मालक सांगतो, "चाळीस हजार द्या अन् घेऊन जा, इंजिनाला काही झालेलं नाही." इंजिनाचं बोलणं बहुतेक वेळा खरंही असतं, पण या गाडीत पैसा इंजिन खात नाही, पत्रा खातो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे हिशेबासकट खरी ठरते. तो हिशेब पुढे दिला आहे.

आधी गाडीविषयी थोडं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट काढली. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, शेवटच्या काही मॉडेलांत खाली. ओढ मागच्या चाकांना, ब्रेक चारही ड्रमचे, मागे स्प्रिंगचे पाटे. साठ-सत्तरच्या वेगाला सुखाने चालते, नव्वदच्या पुढे रेटण्यात अर्थ नाही. पद्मिनीचं डिझेल मॉडेल १३७ डी स्वस्तात मिळत असली तरी हौसेसाठी घेऊ नका. तिचं १३६६ सीसीचं इंजिन वेगळ्याच घराण्याचं आहे आणि त्याचे पार्ट शोधता शोधता उत्साह संपतो.

मुख्य गोष्ट ही की पद्मिनीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, नाही. फ्लोअर म्हणजे गाडीचा तळ, सिल म्हणजे दारांखालची आडवी पट्टी, आणि बॉडी मिळूनच गाडी उभी राहते. त्यामुळे फ्लोअर कुजलं तर ती नुसती दिसायची खराबी राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने इथे आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा साधारणपणे बरा निघतो. एमएच २० ते एमएच २६ मधली, पहिल्यापासून याच भागात राहिलेली गाडी दिसली तर दहा-वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही. मात्र ती कुठे उभी होती ते विचारा. मुरमावर किंवा फरशीवर असेल तर ठीक. काळ्या मातीत उभी असेल तर मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल पावसाळाभर ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. गोठ्यातली गाडी त्याहून वाईट, कारण शेणामुताने खालचे ब्रेक पाइपसुद्धा सडतात.

तपासणीला जाताना एक बारका चुंबक फडक्यात गुंडाळून घ्या, सोबत बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च. चुंबक दाराच्या खालच्या चार इंचांवर, हेडलाइटच्या भोवती आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मग ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटिंग उचला. डांबरी थर फुगलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यावर ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोक दाबा. टोक आरपार गेलं की भाव तिथेच अर्धा करायचा. नंतर जॅकचे पॉइंट, डिकीत स्टेपनीची जागा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा कोपरा बघा. शेवटी दार दोन इंच उचलून सोडा. बिजागऱ्यांचा खेळ असेल तर तो दुरुस्त होतो. पण दार बंद असताना वरची फट बारीक आणि खालची रुंद दिसत असेल तर सिल खचलेलं आहे. तेव्हा नमस्कार करून निघावं.

सिल बदलायचंच असेल तर मेस्त्रीला आधी पद्धत विचारा. दारं काढून गाडी चार टेकूंवर टाकली आणि जुनं सिल सरसकट कापलं की बॉडी वाकते, मग दार आयुष्यभर नीट लागत नाही. दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड करायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, दर सहा इंचांवर टाका मारून दार लावून फट बघायची आणि मगच पुढे जायचं. फ्लोअरला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणि सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातलं विजेचं वेल्डिंग. गॅसच्या ज्योतीच्या वेल्डिंगने पत्रा तापून लहरतो, मग तो लपवायला लांबीचे थर चढतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये सीओटू मशीन सहज मिळतं, फक्त हात गाडीच्या पातळ पत्र्यावर बसलेला हवा. वेल्डिंगनंतर एपॉक्सी प्रायमर मारा. नुसत्या रेड ऑक्साइडवर काम भागवणारा डेंटर स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांनी फुगवटे वर येतात.

आता इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, आणि मराठवाड्यात या हेडचा शत्रू म्हणजे बोअरवेलचं पाणी. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये खारं पाणी भरलेल्या गाडीत दोन गोष्टी होतात. नळ्यांमध्ये क्षाराचा थर बसून गाडी तापते आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. गाडी एकदा तापली की हेड वाकतं आणि हेडखालचं पॅकिंग जातं. मग लोक पॅकिंग बदलतात आणि महिन्याने ते पुन्हा जातं, कारण हेड सपाटच नसतं. म्हणून विकत घेण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून बोट घाला. पांढरी खरड किंवा तेलकट फेस लागला तर हेड फेसिंगचा, म्हणजे ते सपाट करण्याचा, खर्च धरूनच बोला. पितळी रेडिएटरच्या टाक्या सोडवून रॉडिंग (सळईने नळ्यांची सफाई) करून घेतलं की तो पुन्हा कामाला येतो. नंतर त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला.

बरीच वर्षं बंद असलेली गाडी धक्का मारून चालू करू नका, मालक कितीही हट्ट करो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी हाताने इंजिन फिरवून बघायचं. फिरलं तर जुनं तेल काढून नवं भरा, पेट्रोलची टाकी उतरवून धुवा आणि मगच सेल्फ मारा. मग कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तर बोअर उघडायची गरज नाही. एकच खाली असेल तर बहुधा व्हॉल्व्ह, शेजारचे दोन खाली असतील तर पॅकिंग. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड कुठेही होतात, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पेट्रोलचा मुद्दा नवा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या उसातून येतं, पण पद्मिनीच्या जुन्या रबराला ते मानवत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा), रबरी नळ्या, कार्बोरेटरचे सील, सगळं इथेनॉल चालेल अशा दर्जाचं नवं घाला. टाकीत जुना गंज असेल तर इथेनॉल तो सुटा करून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं, म्हणून टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा. दुसरा त्रास उन्हाळ्याचा. त्रेचाळीस अंशांत सिग्नलला दहा मिनिटं थांबलं की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपाखालची उष्णतारोधक पॅकिंग जाड घालणं आणि नळी एक्झॉस्टपासून लांबून नेणं एवढ्याने बराच फरक पडतो. ओलं फडकं पंपावर ठेवायची युक्ती आहेच, पण तो तात्पुरता इलाज.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडून आतून खड्डे पडलेत का बघा. खड्डे असतील तर नुसती रबर किट टाकून उपयोग नाही. या गाडीत ब्रेकचा एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पाइप नवेच टाका. पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात त्या किंगपिनचा खेळ चाक वर-खाली धरून हलवल्यावर कळतो. ग्रीस न मिळालेल्या गाड्यांचे किंगपिन हटकून गेलेले असतात. गिअरच्या दांड्याचे बुश स्वस्त आहेत आणि ते बदलले की "गिअर पडत नाही" ही निम्मी तक्रार मिटते. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोडत बसू नका, पूर्ण नवं करा.

पार्टचं म्हणाल तर चालू इंजिनाचं सामान मुंबईत ऑपेरा हाऊसला आणि पुण्यात नाना पेठेत मिळतं. बॉडीचं सामान, म्हणजे ग्रिल, बंपर, क्रोमच्या पट्ट्या, हे कुर्ल्याच्या भंगारात शोधावं लागतं. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची गेली, आणि टॅक्सीच्या जिवावर चालणारा सामानाचा धंदाही आटत चाललाय. म्हणून ज्या गाडीचं क्रोम, काचा, मीटर आणि दारांचे हँडल जागेवर आहेत ती घ्या. इंजिन बाहेरून आणता येतं, फुटलेली मागची काच आणायला महिना जातो. टॅक्सीची खासगी केलेली गाडी असेल तर दाराच्या आतल्या पट्टीखाली पिवळा रंग सापडतो. तिची किंमत त्या मानाने धरा.

कागद. आरसी नसलेली गाडी शोभेची वस्तू आहे, तिचे भंगाराच्या वर पैसे देऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, आणि चार भावांतला एक पुण्यात अन् एक दुबईत असला तर त्या सह्याच गाडीपेक्षा महाग पडतात. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, जुन्या कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओतून आणायची असेल तर फॉर्म २८. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून गाडी पासिंगला न्यायची. वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ पासून त्याचं शुल्क दहा हजार आहे. पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी हे वेगळं.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरमध्ये व्हीए. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात, म्हणून विक्रेते "व्हिंटेज होईल" म्हणून भाव चढवतात. अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, रोज बाजारात नेता येत नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. वापरायची असेल तर साधी नोंदणी चालू ठेवलेलीच बरी.

आता हिशेब. आकडे आपल्या भागातल्या मजुरीचे, अंदाजे. चाळीस-पंचेचाळीस हजारांची बंद गाडी घेतली तर पत्रा आणि रंग ९० हजार, इंजिन ४५, रेडिएटर ७, ब्रेक १२, पुढचं सस्पेन्शन-स्टिअरिंग १५, वायरिंग-बॅटरी १८, पाच टायर साडेसतरा, सीट-छत-मॅटिंग २२, क्रोम आणि रबर २०, कागद २०, वाहतूक ८. गाडीसकट सव्वातीन लाखांच्या आसपास. हेच चालू स्थितीतली, पत्रा धड असलेली गाडी १ लाख ४० हजाराला घेतली तर ब्रेक ८, रेडिएटर-ट्यूनिंग ७, टायर साडेसतरा, किरकोळ डेंटिंग २०, सीट १५, कागद ५, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत. दोन्ही गाड्या तयार झाल्यावर विकायला काढल्या तर गिऱ्हाईक दोन-अडीच लाखांच्या वर सहसा जात नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, पण स्वस्त गाडी घेणाऱ्याच्या हौसेचं मोल इथे सरळ लाखभर निघतं. गाडी वडिलांची, आजोबांची असेल तर तो लाख घाला. ओळख ना पाळख अशा गाडीवर घालू नका.

पद्मिनी की जीप, हा प्रश्न इकडे हमखास येतो. निव्वळ खर्च बघितला तर जुनी महिंद्रा जीप सरस. तिला वेगळी चेसिस आहे, त्यामुळे टब (वरची उघडी बॉडी) सडला तरी नवा बसवता येतो आणि सामान कुठेही मिळतं. पण जीपमध्ये लोकांचा हात लवकर सुटतो. रुंद टायर, कापलेली बॉडी, दुसरं इंजिन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या रचनेत असा बदल चालत नाही आणि पासिंगला गाडी अडकते. पद्मिनीत तो मोह कमी, खर्च जास्त. घरात चार माणसं बसवून वेरूळ-खुलताबादला जायचं असेल तर पद्मिनीच.

सौदा झाल्यावर गाडी चालवत घरी आणू नका. समृद्धीवरून तर नकोच, तापलेल्या काँक्रीटवर जुने ट्यूबचे टायर फुटतात. टोइंगच्या गाडीवर चढवा आणि चढवण्याआधी बॅटरी काढून ठेवा. थर्ड पार्टी विमा गाडी रस्त्यावर उतरायच्या आत काढा. पॉलिसीवरचा चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतोय का ते काउंटरवरच बघून घ्या.